निळा पुंजका

"हे काय सांडलंय?" डॉ. उमराणींनी विचारलं.

मी आधी टेबल बघितलं, मग फरशी. ऑफिसात चहाचा ट्रे माझ्याच हातात असायचा, त्यामुळे पहिला संशय माझा मलाच. पण साहेब पडद्याकडे बघत होते. पडद्यावर ठिपके होते, रांगोळीच्या डब्या उलटल्यासारखे. लाल, पिवळे, हिरवे सगळीकडे विखुरलेले आणि उजव्या कोपऱ्यात निळे, एकावर एक, शाईचा डाग पडावा तसे.

"निळे म्हणजे आजऱ्याकडचा डोंगरपट्टा," मी म्हणाले. "शालन गावडेच्या नोंदी."

"सगळ्या?"

"जवळजवळ सगळ्याच."

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि हसले. त्यांचं हसू फार छान होतं. "वासंतीताई, ही बाई घरी बसून माणसं मारत्येय."

त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक मेलेलं माणूस. आमच्या संस्थेचं कामच ते होतं. खेड्यात बरीच माणसं घरीच जातात, कशानं गेली याचा कागद कुठेच होत नाही. म्हणून दुःख थोडं निवल्यावर संस्थेचा माणूस त्या घरी जायचा, "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा" म्हणायचा आणि ऐकलेलं तसंच्या तसं लिहून आणायचा. पूर्वी दोन डॉक्टर ती हकिगत वाचून मृत्यूचं कारण ठरवत. पुढे डॉक्टर कंटाळले आणि यंत्र आलं. यंत्र म्हणजे मी.

माझा गडहिंग्लजला टायपिंगचा क्लास होता. टायपिंगची मशीनं भंगारात गेली तेव्हा मी पत्रिका छापायला शिकले, पत्रिका मोबाइलवर गेल्या तेव्हा मुलाची टाकलेली पुस्तकं घेऊन प्रोग्राम लिहायला बसले. शेजारी डिक्शनरी, समोर यूट्यूबवरचा कुणीतरी पोरगेला मास्तर. डिग्री नाही, चुका मात्र भरपूर. उमराणी साहेबांनी माझं काम बघितलं, डिग्री विचारली नाही, आणि नोकरी दिली. हे मी विसरलेले नाही, म्हणून आधीच सांगते.

यंत्राला मराठी येत नाही. कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो एवढंच ते बघतं आणि त्यावरून त्याची ओळख ठरवतं. आमच्या गल्लीत बायकांची ठरवतात तशीच. उसाच्या पट्ट्यातल्या हकिगती डॉक्टरांनी वाचून कारणं लावलेल्या होत्या, त्यावर मी त्याला शिकवलं. तिकडच्या नोंदी करणारी पोरं मोटारसायकलवरून जायची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्यांच्या हकिगती सुटसुटीत असत: ताप आला, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी गेले. मग डोंगरपट्ट्यातल्या नोंदी आल्या. त्या कुणी वाचलेल्या नव्हत्या. यंत्राला मी एवढंच सांगितलं की तुला यातलं काही कळत नसलं तरी चालेल, सारख्याला सारखं लावून ठेव. साप चावलेले एकीकडे जातील, खोकल्यानं झिजलेले एकीकडे, असा माझा अंदाज. यंत्रानं सर्पदंश, क्षय, झाडावरून पडलेला, बाळंतपणात गेलेली, सगळ्यांना एकाच अंथरुणावर झोपवलं.

मी ते उघडून वाचलं. प्रत्येक हकिगतीची सुरुवात एकच. सकाळी उठले. चहा घेतला. चांगलं बोलत होते. मग मागच्या परड्यात जाऊन आले, मग कुणाची तरी आठवण काढली, पाणी मागितलं, सुनेनं दिलं. साप यायचा तो पार शेवटी, पाहुण्यासारखा, दारातच उभा राहून निघून जायचा.

साहेबांनी शालनला बोलावून घेतलं.

शालन गावडे माझ्याच वयाची, उंच, खांद्याला छत्री अडकवलेली. नवऱ्याच्या माघारी सासूला सांभाळून राहिलेली. वाडीवस्तीवर चालत जायची, जमिनीवर बसायची, बायकांबरोबर शेंगा फोडता फोडता ऐकायची आणि घरी येऊन लिहायची. येत्या दिवाळीला तिला कायम करणार होते. तिनं सासूला तसं सांगूनही टाकलं होतं.

"या गावडेबाई, बसा," साहेब म्हणाले. "चहा घेणार? तुमच्याकडे सगळेच घेतात. मरायच्या आधी."

शालनला ती थट्टा वाटली, ती हसली. "मग काय. न घेता कोण जातंय?"

साहेबांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "हे तुम्ही."

"मी निळी हाय व्हय?" तिनं वाकून बघितलं. "बरं झालं. लाल मला शोभत न्हाई."

साहेबांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं. लहान मुलाला समजावतात तसं, आवाज जराही न चढवता. इतकी वेगवेगळी माणसं इतकं सारखं बोलत नाहीत. एकच हात घरी बसून लिहितो तेव्हाच असं होतं. नाव बदलायचं, आजार बदलायचा, बाकी गोष्ट तीच. त्यात तिचा दोष नाही, उन्हातान्हात इतकं कोण फिरणार, त्यांनाही कळतं. शालन ऐकत होती आणि तिचं हसू एकेका वाक्याला उतरत होतं.

"म्हंजे मी घरात बसून खोटं लिवलं?"

"मी नाही, यंत्र म्हणतंय."

"मी ऐकलं तेच लिवलंय साहेब. माझं एक अक्षर न्हाई त्यात."

साहेब म्हणाले, तपासून बघू, पण तसं निघालं तर नोंदी रद्द होतील आणि तिचं कामही. शालन उठून उभी राहिली.

"मला काढा एक वेळ. पर त्या नोंदी रद्द केल्यासा, तर ती माणसं मेलीच न्हाईत म्हणायचं? मी जाऊन काय सांगू त्यांच्या घरात? उठून बसा म्हणू?"

साहेब माझ्याकडे बघून हसले. मी ट्रे उचलला.

मी दोन दिवस मागून घेतले. माझा संशय वेगळाच होता. यंत्र मरण बघत नव्हतं, सांगण्याची तऱ्हा बघत होतं. मी प्रत्येक निळ्या हकिगतीचा चहापाण्याचा भाग कापला आणि उरलेलं पुन्हा यंत्राला घातलं. डाग फुटला. साप सापाकडे गेला, खोकला खोकल्याकडे, बाळंतीण बाळंतिणींकडे. निळे ठिपके लाल-पिवळ्यांत असे मिसळले की शोधावे लागले. घरी बसून कुणी इतकं नेमकं मरण लिहू शकत नाही. मी पळतच साहेबांकडे गेले.

त्यांनी बराच वेळ बघितलं. "म्हणजे खोटा भाग कापला की उरलेलं खरं दिसतं," ते म्हणाले. "चोराचे हात झाकले की तोही साव दिसतो, ताई."

"मग एकदा स्वतः ऐका ना सर."

"हे मात्र बरोबर," ते म्हणाले. "चला. मलाही त्यांचा तो चहा ऐकू दे."

संस्थेच्या जीपनं आम्ही गेलो. शालन पुढे ड्रायव्हरशेजारी, वाट दाखवायला. ती खुशीत होती. साहेब स्वतः येतायत म्हटल्यावर तिनं इस्त्रीची साडी नेसली होती. नुकतंच मयत झालेलं घर तिनेच निवडलं, काजूच्या बागेपलीकडचं. धोंडीबा डेळेकर गेलेले, घरी त्यांची बायको, मुलगा, सून. शालन तिथं आठवड्यापूर्वीच जाऊन हकिगत लिहून आली होती. साहेबांनी ती वाचलेली होती. अर्थात चहानं सुरू होणारी.

जीप अंगणात उभी राहिली आणि सगळं घर उभं राहिलं. मुलगा शेजाऱ्याकडे खुर्ची आणायला धावला. गंगूवैनी, म्हणजे धोंडीबांची बायको, डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी. "बसा ना," साहेब म्हणाले. ती बसली नाही. साहेब खुर्चीवर, मी उंबऱ्यावर, शालन सवयीनं जमिनीवर मांडी घालून. साहेबांनी रेकॉर्डर काढून शेजारच्या कट्ट्यावर ठेवला. वैनीचे डोळे त्या रेकॉर्डरवरून हलेनात.

साहेबांनी अगदी प्रेमानं विचारलं, "काय झालं होतं, आई? तुमच्या शब्दांत सांगा."

"अटॅक."

"कसं झालं?"

"छातीत दुकलं. दवाखान्यात न्हेलं. संपलं म्हणालं." आणि मुलाकडे वळून, "अरे, कागद आण की साहेबास्नी."

मुलानं प्लास्टिकच्या पिशवीतून दवाखान्याची चिठ्ठी आणली. साहेबांनी ती नीट वाचली, घडी घालून परत दिली. म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?"

"न्हाई साहेब."

आत सून भांडी हलवत होती, तेवढाच आवाज. शालनचा चेहरा मी बघत होते. आपलीच गाय आपल्याला ओळखेना म्हणजे माणूस जसा बघेल, तशी ती वैनीकडे बघत होती. तिनं दम धरायला हवा होता. तिला धरवला नाही.

"वैनी, असं न्हवं," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा की. चहापासून."

वैनीनं तिच्याकडे बघितलं. परक्या माणसापुढं कुणी आपला पदर ओढावा, तसं.

"कसला चहा?"

साहेबांनी हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला. सुनेनं आणलेला चहा मात्र त्यांनी घेतला, चांगला झालाय म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

मी चपला शोधत मागे राहिले. पायवाटेनं एक म्हातारी बाई येत होती, बाहेरगावची, समाचाराला, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, आलेली. ती आली ती सरळ आत गेली आणि गंगूवैनीला मिठी मारून रडली. मग दोघी खाली बसल्या. आणि वैनीनं नाक पुसून, पदर सारखा करून सुरुवात केली, "सकाळी उठलं. च्या घेतला. चांगलं बोलत हुतं बघ माझ्यासंगट…"

शब्दन् शब्द तोच. शालनच्या नोंदीत वाचलेला.

मी जीपकडे धावले. काच खाली करायला लावली. "सर, चला, ऐका. आत आत्ता सांगताय्‌त."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "आता सांगणारच, ताई. आत्ताच तर त्यांना शिकवलं."

काच वर गेली. शालन जीपच्या पलीकडे उभी होती. तिनं ऐकलं होतं. ड्रायव्हरनं दार उघडून धरलं, ती म्हणाली, "तुम्ही व्हा फुडं. मला ही वाट रोजचीच हाय." इस्त्रीच्या साडीचा ओचा वर खोचून ती चालायला लागली. जीप तिला ओलांडून पुढे गेली तेव्हा तिनं अंगावर धूळ नको म्हणून छत्री उघडून आडवी धरली. साहेबांना ते गमतीचं वाटलं.

तिला काढलं. तिच्या नोंदी एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला साहेबांनी मला सांगितलं. फोल्डरला नाव त्यांनीच दिलं, 'अविश्वसनीय'. तो डाग निघाल्यावर यंत्राची अचूकता एकदम वाढली. डोंगरपट्ट्यात नवीन पोरगा नेमला, मोटारसायकलवाला. त्याच्या नोंदी सुटसुटीत आल्या. डॉक्टर मंडळी खूश झाली.

वाड्यांवर मात्र बातमी वेगळ्या तोंडानं पोचली. शालन खोटी मढी लिहीत होती आणि सरकारनं पकडली. ज्या घरांत तिनं मांडी घालून ऐकलं होतं तिथं बायका तिला बघून दार लोटायला लागल्या. आमच्या मेलेल्या माणसाचं हिनं काय केलं, कुणाला विकलं, असंही कुणी म्हणालं. पोरं तिला मढीवाली म्हणू लागली. सासूनं तर तिला विचारलं म्हणे, मी गेल्यावर माझं काय लिवणार हैस?

मी तिच्यासाठी बोलायला दोनदा साहेबांकडे गेले. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुम्हाला डिग्री नाही म्हणून तुम्हाला पुरावा आणि कळवळा यात फरक कळत नाही. ते मी चालवून घेतलं, कारण तुमचं काम चांगलं आहे." मी काम चांगलं करत राहिले.

शालन मला गडहिंग्लजच्या बाजारात भेटली. काजूच्या कारखान्यात लागली होती. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलेली, कातडी सोललेली. कोथिंबीर निवडताना ती पानांना बोट लावत नव्हती, पिशवी पुढे करून भाजीवालीलाच घालायला सांगत होती.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?" तिनं विचारलं. "माझी माणसं पुसली न्हवं?"

"पुसली नाहीत. बाजूला ठेवलीत. फोल्डरमध्ये."

"तिथं चहा मिळतो का?"

शेवटी मनात होतं ते विचारलं. चहाच का? प्रत्येक घरात, प्रत्येक मरणाला, आधी चहाच का सांगतात?

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमच्या घरात कोण गेलं न्हाई का वो अजून?"

"वडील गेले. मी लहान होते."

"मग तुम्हाला सांगाय लागलं न्हाई. मोठ्यास्नी सांगाय लागतंय." तिनं पिशवी कोपरात अडकवली. "दारात आलेल्या माणसाला काय सांगणार, मेला म्हणून? ते त्याला म्हाईत असतंय, म्हणून तर आलाय. चहा न्हवं तो, वासंतीताई. आम्ही हुतो, म्हणून सांगत्यात. त्याला एकटा सोडला न्हवता. आता हे साहेबाला कोण सांगंल, साहेब काय समाचाराला आलेला न्हवता. तो तपासाला आलेला."

"हे तुम्ही तेव्हा ऑफिसात का नाही बोललात?"

"मला काय ठावं, तुम्हाला ते ठावं न्हाई म्हणून?" ती म्हणाली, आणि गर्दीत गेली.

पुढच्या वर्षी साहेब दिल्लीला गेले. मोठी परिषद होती, आमचं यंत्र तिथं दाखवायचं होतं. पडदे, म्हणजे स्लाइड, सगळे मीच बनवले. आधी डागासकटचा, मग डाग काढलेला, खाली वाढलेली अचूकता. भाषणाच्या दिवशी सकाळी साहेबांचा सभागृहातून फोन आला. दुसऱ्या पडद्यावरची अक्षरं लहान दिसतायत, मोठी करून पाठवा. मी पाठवली. छान झालं म्हणाले.

त्याच सकाळी कोल्हापूरला त्यांचे वडील गेले.

अण्णा घरी एकटेच होते. साहेबांच्या मिसेस मुलीकडे परदेशात. सकाळी कामाला येणाऱ्या माणसानं बेल वाजवली, दार उघडलं नाही. तो समजला, फिरायला गेले असतील, आणि परत गेला. दार संध्याकाळी फोडलं. ऑफिसचा ड्रायव्हर हे सगळं मला वाटेत सांगत होता, आम्ही समाचाराला निघालो होतो तेव्हा. म्हणाला, "कुणाला बोलू नका बाई, पण सगळ्यांना माहीतच आहे."

दिवाणखान्यातलं फर्निचर हलवून सतरंजी घातली होती. साहेब भिंतीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली, पांढरी. मी त्यांना जमिनीवर बसलेलं पहिल्यांदाच बघत होते. शेजारी त्यांच्या मोठ्या बहीण, लीलाताई, बेळगावहून आलेल्या. मी कोपऱ्यात बसले. माझ्या आधी आलेले कुणी वकील होते, त्यांनी साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

साहेब म्हणाले, "सकाळी उठले. चहा घेतला. माझ्याशी छान बोलले."

मला आधी वाटलं, ते आदल्या कुठल्या तरी दिवसाचं सांगतायत.

"पेपर वाचला," लीलाताई म्हणाल्या. "आधी पेपर, मग चहा."

"हो. आधी पेपर. मग चहा घेतला. तुझी आठवण काढली, ताई. मग पाणी मागितलं. मी दिलं."

वकील मान डोलवत होते. शेजारचे डोलवत होते. दाराशी उभा असलेला आमचा ड्रायव्हरही. दार फोडलेलं त्या खोलीतून दिसत होतं, सुताराचं काम अजून झालं नव्हतं, कडीच्या जागी दोरी बांधलेली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

वकील उठले, एक नवरा-बायको आले. "सकाळी उठले. पेपर वाचला. चहा घेतला." तेच शब्द, आता पेपर आपल्या जागी बसलेला. ते गेले, बँकेतले कुणी आले. "पाणी मागितलं. मी दिलं." पाण्यापाशी आवाज दर वेळी त्याच जागी फुटत होता. माझ्या डोक्यात, नको म्हणत असताना, ठिपके पडत होते. एकावर एक. निळे.

मग साहेबांचे जुने मित्र आले, मुंबईहून, तेही डॉक्टर. साहेबांना जवळ घेऊन बसले. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

मी आल्यापासून त्यांनी मला बघितलंच नव्हतं बहुतेक. आता बघितलं, आणि तसंच बघत राहिले. तोंड उघडंच होतं. त्या सकाळी पडद्यावरची अक्षरं कुणी मोठी केली, फोन कुठून आला होता, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मित्र वाट बघत होते. लीलाताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मी गुडघ्यांवर पुढे सरकले. सरकताना मला गंगूवैनीचं अंगण आठवत होतं, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली ती उंच बाई, आणि तिची काळी बोटं. माझा आवाज मात्र चांगला मऊ निघाला.

"पहिल्यापासून सांगा, सर," मी म्हणाले. "चहापासून."

माझ्यावरची नजर त्यांना काढता येत नव्हती.

"सकाळी उठले," ते म्हणाले, आणि थांबले. "पेपर वाचला. चहा घेतला."

मी मान डोलवली.